तोफेचा आवाज आणि तापमापक

१/ अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील अपमिन्स्टरचे धर्मगुरू विल्यम डेरहॅम चर्चच्या मनोऱ्यावरून सुमारे १२ मैल दूरच्या ब्लॅकहीथकडे पाहत असत. तिथे तोफ डागली, की आधी ज्वाला दिसे. आवाज बऱ्याच वेळाने पोहोचे. हा विलंब मोजून १७०८ मध्ये त्यांनी ध्वनीचा वेग सेकंदाला ११४२ फूट असल्याचे जाहीर केले. वाऱ्याने हा वेग बदलतो, हे त्यांनी ओळखले. उन्हाळ्या-हिवाळ्याने मात्र बदलत नाही, असे त्यांचे मत होते.

२/ न्यूटनच्या सिद्धान्तानुसार उत्तर येत होते ९७९ फूट. ही तूट भरून काढण्यासाठी त्याने ‘प्रिन्सिपिया’च्या १७१३ च्या आवृत्तीत हवेतील कणांची जाडी आणि बाष्प यांचा आधार घेतला व नेमका ११४२ चा आकडा गाठला. हा आकडा किती तापमानाच्या हवेतला, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

३/ १७४० मध्ये इटलीतील बोलोन्या येथे बियांकोनी याने एकच अंतर दोन ऋतूंत मोजले. उन्हाळ्यात आवाज लवकर पोहोचला! त्याच दशकात फ्रेंच प्रवासी ला काँदामिन याला दक्षिण अमेरिकेतील थंड, उंच क्विटोपेक्षा समुद्रकाठच्या उष्ण कायेनमध्ये ध्वनी अधिक वेगवान आढळला.

४/ क्विटोची विरळ हवा याला कारणीभूत असेल का? नाही. उंचीवर हवेचा दाब घटतो, तशी घनताही घटते. दोहोंचा परिणाम एकमेकांस छेद देतो. उरते ते तापमान. उष्ण हवेतील रेणू अधिक वेगाने धावतात, म्हणून धक्काही वेगाने पुढे जातो. शून्य अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर आणि पुढे दर अंशाला सुमारे ०.६ मीटरची भर.

५/ मग न्यूटनची तूट कशाची? १८१६ मध्ये लाप्लासने उत्तर दिले: ध्वनिलहरीत दाबली जाणारी हवा क्षणभर तापते आणि ती उष्णता बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही. त्यामुळे हवेचा प्रतिकार वाढतो व वेगही वाढतो.

६/ १८२०-२१ मध्ये मद्रास वेधशाळेचे जॉन गोल्डिंगहॅम सेंट जॉर्ज किल्ला आणि सेंट थॉमस माउंट येथील तोफांचे आवाज मोजत होते. त्यांच्या नोंदवहीत वेळेसोबत तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रताही होती.

७/ न्यूटनचे उत्तर निरीक्षणाशी फुटाफुटाने जुळत होते, तरीही त्यामागचे कारण चुकीचे होते. आकडा जुळला म्हणजे कारण सापडले, असे नव्हे. जुनी साधने वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही हे विसरू नये.