साखळी आणि संमती

लहानपणी उरुसात एका माणसाच्या पायात साखळी पाहिली. अम्मी म्हणाली, ‘बाहेरची बाधा आहे, म्हणून पिराच्या पायाशी आणलंय त्याला.’ येणारे-जाणारे त्याला खाऊ देत होते. त्याला काय हवंय, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तामिळनाडूत, एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. साखळीने बांधलेली २८ माणसं गेली. मला तो उरूस आठवला.

१९१२ चा कायदा अशा माणसांना ‘ल्युनॅटिक’ म्हणत असे. १९८७ च्या कायद्यात हा शब्द गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीवर बंदी आणली. सक्तीचं मुंडण नको, हवे तर स्वतःचे कपडे घालू द्या, असंही सांगितलं. पुढे आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही दिला.

दया आपल्याकडे पूर्वीही होती. विचारण्याची सवय नव्हती.

माझे अब्बा आता अंथरुणाला खिळलेत. रोज सकाळी मी दोन सदरे पुढे धरतो. ‘अब्बा, आज कोणता?’ ते बोट उचलतात. तेवढ्यासाठी मी थांबतो.