बडोगचा बोगदा आणि वहीतली नावं

आज एका खेळाच्या निमित्तानं एका डोंगरी रेल्वे स्टेशनचा इतिहास सांगणार आहे. खेळाचं नाव जिओकॅशिंग आणि स्टेशन हिमाचलमधलं, कालका-शिमला मार्गावरचं बडोग.

आधी खेळ समजून घेऊ. कुणीतरी एक डबी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे जीपीएस घेऊन ती शोधतात. डबीत एक छोटी वही असते. डबी सापडली की वहीत आपलं नाव आणि तारीख लिहायची आणि ती होती तिथेच परत ठेवायची. हा खेळ जन्मला मे २००० मध्ये. तोवर अमेरिकन सरकार सामान्य माणसाला मिळणाऱ्या जीपीएसच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत चुकायची. ती भेसळ थांबवली गेली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉन राज्यातल्या जंगलात एक बादली ठेवून तिचा ठावठिकाणा जाहीर केला.

आता बडोगला जाऊ. ७६२ मिलिमीटर रुंदीची ही रेल्वे ९ नोव्हेंबर १९०३ रोजी सुरू झाली. सुमारे ९६ किलोमीटरमध्ये ती १,४०० मीटरची चढण चढते आणि शंभराहून अधिक बोगद्यांतून जाते. २००८ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिचा सर्वांत लांब बोगदा म्हणजे क्रमांक ३३, लांबी सुमारे १,१४४ मीटर. त्याच्या तोंडाशीच बडोग स्टेशन आहे. फलाटावर फोन जागा बरोबर दाखवतो, पण बोगद्यात शिरलात की उपग्रहाचा संकेत तुटतो. डोंगराच्या पोटात आजही जीपीएस चालत नाही.

मग १२० वर्षांपूर्वी बोगदा कसा खणत? डोंगराच्या वरून मोजणी करत दोन्ही टोकांची जागा, उंची आणि दिशा ठरवायची आणि दोन्हीकडून खणत मध्यावर भेटायचं. या लांबीच्या बोगद्यात प्रत्येक बाजूनं ५७० मीटर खोदकाम येतं. एका बाजूची दिशा फक्त एक अंश चुकली, तरी मध्यावर साधारण १० मीटरचा फरक पडतो. दोन तुकड्या एकमेकींच्या शेजारून निघून जातील!

बडोगची प्रसिद्ध कथा नेमकी हीच आहे. कर्नल बॅरोग नावाच्या इंजिनिअरनं दोन्हीकडून खोदकाम सुरू केलं, टोकं जुळली नाहीत, सरकारनं एक रुपया दंड केला आणि तो अपमान सहन न होऊन त्यानं स्वतःवर गोळी झाडली, असं सांगतात. पुढे हॅरिंग्टन या मुख्य अभियंत्याच्या काळात थोड्या अंतरावर दुसरा बोगदा झाला. त्याची दिशा चैलजवळच्या झाझा गावच्या भलकू नावाच्या माणसानं दाखवली, काठीनं खडक ठोकून, आवाज ऐकून, असं लोक सांगतात.

दंड, गोळी, काठी या गोष्टी मी लोककथा म्हणूनच सांगतो. पण नावांचं काय झालं, ते उघड दिसतं. स्टेशनला नाव मिळालं कथेत हरलेल्या कर्नलचं. भलकूचं नाव आज शिमल्याच्या ‘बाबा भलकू रेल्वे संग्रहालया’ला आहे, पण ते संग्रहालय एकविसाव्या शतकातलं. आणि ज्यांनी प्रत्यक्ष सुरुंग लावले, दगड वाहिले, त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

मराठी माणसाला ही कथा ओळखीची वाटेल. आपल्या भोर घाटातून १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाली. तिच्या बांधकामात हजारो मजूर अपघातांनी आणि पटकीनं दगावले. घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा धनगरानं दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, असं लोककथा सांगते. खंडाळ्याच्या घाटात त्याचं देऊळ आहे आणि येणारे-जाणारे ड्रायव्हर तिथे आजही हात जोडतात. दोन घाट, दोन कथा, आणि दोन्हींत वाट दाखवणारा स्थानिक माणूस. दफ्तरानं ज्यांची नोंद ठेवली नाही, त्यांची आठवण लोकांनी अशी जपली.

म्हणून हा खेळ मला इतिहासाच्या कामाचा वाटतो. मात्र भारतात स्टेशनवर डबी लपवू नका. बेवारस वस्तू दिसली की पोलीस येतात, गाडी खोळंबते. त्यावर खेळातच उपाय आहे. पहिला टप्पा म्हणून स्टेशनवरच्या पाटीवरचे आकडे वाचायला सांगायचे, बोगद्याचा क्रमांक, लांबी, उंची. त्यांतून पुढच्या जागेचे अक्षांश-रेखांश काढायचे आणि खरी डबी स्टेशनबाहेर, जागामालकाच्या परवानगीनं ठेवायची.

अशी डबी मी तयार केली, तर तिच्या वहीचं पहिलं पान येणाऱ्यांसाठी नसेल. त्यावर सगळ्यात वर भलकूचं नाव असेल आणि खाली बोगदा खणणाऱ्या मजुरांसाठी कोऱ्या ओळी. शोधणाऱ्यानं आपली सही दुसऱ्या पानापासून करावी.