यवतमाळचे परदेशी मास्तर

घरदार सोडून परक्या मुलखात शिकवायला जाणारा स्वयंसेवक म्हटलं की आज दक्षिण आफ्रिकेकडची खेडी डोळ्यांपुढे येतात. वऱ्हाडाला हा माणूस जुनाच ओळखीचा आहे. अर्नेस्ट आणि फिबी वॉर्ड हे अमेरिकन दांपत्य जानेवारी १८८१ मध्ये भारतात आलं ते स्वतःच्या पैशांवर, कुठल्या मंडळाचा पगार घेऊन नव्हे. बुऱ्हाणपुरापासून त्यांनी काम सुरू केलं. फ्री मेथडिस्ट पंथाचे ते भारतातले पहिले मिशनरी.  या पंथाचं यवतमाळचं ठाणं शतकाच्या शेवटच्या दशकात उभं राहिलं. तेव्हा हा वणी जिल्हा होता, यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळालं. रेल्वे धामणगावपर्यंतच, पुढे रस्त्यानं. या माणसांनी जिल्ह्याला काय दिलं, हे सांगताना बंगले, जमिनी आणि परदेशातून येणारा पैसा यांचीच चर्चा जास्त होते. माझ्या मते ते कोणत्या भाषेत शिकवत होते, हे आधी पाहिलं पाहिजे.

सुरुवातीला त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. सरकारी शाळा मराठी, बाजार मराठी, त्यामुळे इथे येणाऱ्या मिशनऱ्यांना आधी कुणातरी मराठी माणसापुढे विद्यार्थी म्हणून बसावं लागे. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. वऱ्हाड-मध्य प्रांतात पोरकी झालेली मुलं ठिकठिकाणच्या मिशनांकडे आली. पंडिता रमाबाईंनीही पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-विधवांना आधार देऊन आपल्याकडे नेलं. अशा मुलांना इंग्रजी कविता शिकवून काय होणार? त्यांना हिशेब, अक्षरं आणि हातचं काम हवं होतं, आणि ते मराठीतच शिकवावं लागलं. शिक्षक परका, पण शाळा गावची, असा हा काळ.

यावर आक्षेप ठरलेला आहे : ही सेवा नव्हती, धर्मांतराची युक्ती होती. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने नेमकं हेच म्हटलं आणि धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, अशी शिफारस १९५६ च्या अहवालात केली. यवतमाळ तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, आणि तो त्यांनी लपवलाही नव्हता. उपाशी पोराला अन्नाबरोबर धर्म देणं कितपत योग्य, हा प्रश्नही रास्त आहे, आणि मराठीत शिकवल्यानं तो मिटत नाही. पण हेतू काय होता आणि गावात काय रुजलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर दिलं की दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही.

रुजण्याचा प्रश्न पुढे मिशनच्या बायबल शाळेच्या बाबतीत उघड झाला. १९३०च्या दशकाच्या अखेरीस यवतमाळात सुरू झालेली ही शाळा मराठी माध्यमाची होती. १९५३ मध्ये तिथेच अनेक पंथांच्या सहकार्यानं युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि शिकवणं इंग्रजीत सुरू झालं. तिचा व्याप देशभराचा झाला, ईशान्येपासून दक्षिणेपर्यंतचे विद्यार्थी येऊ लागले. संस्थेच्या दृष्टीनं ही प्रगतीच होती. जिल्ह्याच्या दृष्टीनं मात्र ती आता कुठेही असती तरी चाललं असतं. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली.

कुणी म्हणेल, भाषेचा इथे काय संबंध, आडबाजूचं गाव सोडून शहर गाठणं ही व्यवहाराचीच गरज होती. ते खरंच आहे. पण व्यवहाराचा हिशेब असा सुटसुटीत झाला तो मधल्या तीस वर्षांत संस्थेचा गावाशी संबंध पातळ झाल्यामुळे. पांढरकवड्याकडचं उमरीचं मिशन हॉस्पिटलही आडबाजूचंच. पण तिथे येणारा रोगी आजूबाजूच्या खेड्यांतला, त्याची तक्रार त्याच्याच बोलीत ऐकून घ्यावी लागते. ते हॉस्पिटल उमरीलाच राहिलं.