हॅलोवीन पार्टीला मुलांना पाठवायचं का? खानदेशातल्या ख्रिस्ती घरांत निर्णय कसा होतो?

'31 ऑक्टोबरला मुलांना भुताचा ड्रेस घालून पाठवा.' शाळेच्या ग्रुपवर असा मेसेज आला की अनेकांना वाटतं, ख्रिस्ती पालकांना तर आनंदच होईल. पण धुळे-जळगावकडच्या ख्रिस्ती घरांत हा प्रश्न इतका सोपा नसतो.

हॅलोवीन ख्रिस्ती सण आहे का?

नाव ख्रिस्ती आहे. 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण, त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोवीन. 2 नोव्हेंबरला मृतांचं स्मरण होतं. भुताखेतांचा भाग मात्र आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या लोकप्रथांशी जोडला जातो. 19व्या शतकात आयरिश स्थलांतरितांसोबत तो अमेरिकेत रुजला. चर्चच्या उपासनेत भुताच्या पोशाखाला जागा नाही.

चर्चनुसार उत्तर का बदलतं?

धुळे, जळगाव आणि नंदुरबार कॅथलिकांच्या नाशिक धर्मप्रांतात येतात. हा धर्मप्रांत 1987 साली स्थापन झाला. कॅथलिक कुटुंबांसाठी महत्त्वाचं असतं ते दफनभूमीत जाऊन मेणबत्ती लावणं आणि प्रार्थना करणं.

पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम केलं. अशा इव्हँजेलिकल परंपरेतली मंडळी बहुधा हॅलोवीनपासून दूर राहतात. बायबलमधल्या 'अनुवाद' पुस्तकाच्या 18व्या अध्यायात जादूटोणा आणि मृतांशी संवाद निषिद्ध ठरवला आहे, त्याचा ते आधार घेतात. त्यांच्यासाठी 31 ऑक्टोबरची ओळख वेगळी आहे: 1517 साली मार्टिन लूथर यांच्या धर्मसुधारणेची सुरुवात.

इथे 'चेटकीण' फक्त पोशाख नाही

सातपुड्याच्या पट्ट्यात 'डाकीण' ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडल्या आहेत. राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. ज्या घराने ही भीती जवळून पाहिली, त्याला चेटकिणीची टोपी गमतीची वाटेलच असं नाही. आजीचा विरोध अनेकदा यातून येतो.

मग ठरवायचं कसं?

खानदेशी ख्रिस्ती कुटुंबांना हा पेच नवा नाही. आखाजीला शेजारी पितरांची घागर पुजतात आणि पुरणपोळी-आमरसाचं ताट घरी पाठवतात. ते खायचं का? पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय 8) नैवेद्याच्या अन्नाबद्दल हाच प्रश्न आहे. त्याचा रोख असा: अन्नाने कुणी देवाजवळ जात नाही की दूर होत नाही, पण आपल्या वागण्यामुळे दुसऱ्याची श्रद्धा डळमळू नये.

हाच निकष इथेही लावता येतो. कार्यक्रमात पूजा किंवा मंत्र-तंत्र आहे, की फक्त खाऊ आणि फॅन्सी ड्रेस? मूल घाबरतं का? घरातल्या मोठ्यांचं मन दुखावेल का?

काही पालक मधला मार्ग काढतात. मूल पार्टीला जातं, पण भुताऐवजी संत, शेतकरी किंवा डॉक्टर बनून. काही जण त्या दिवशी सरळ सुट्टी घेतात. निर्णय कोणताही असो, त्याचं कारण मुलाला सांगणं महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी वर्गात 'तू का नाही आलास?' या प्रश्नाला उत्तर त्यालाच द्यायचं असतं.