डिमेन्शिया आणि भाषा : फ्रँकफर्ट ते हैदराबाद, व्हाया देगलूर

डिमेन्शिया म्हटलं की आपण ‘विसरभोळेपणा’ म्हणून मोकळे होतो. पण अल्झायमरच्या पहिल्या रुग्णाची नोंद वाचा, त्यात स्मृतीइतकीच भाषा आहे. नोव्हेंबर १९०१, फ्रँकफर्ट. डॉ. आलोइस अल्झायमर ५१ वर्षांच्या आउगुस्टे डेटर यांच्याशी बोलतायत. पेन्सिल, किल्ली दाखवली, नावं बरोबर आली. ताटात मात्र फ्लॉवर आणि मांस असताना ‘काय खाताय?’ याला उत्तर आलं, पालक! नाव लिहायला सांगितलं तर ‘श्रीमती’ लिहून पुढचं विसरल्या. ही फाईल कित्येक दशकं बेपत्ता होती, १९९५ मध्ये सापडली. डॉक्टरांनी ‘रुग्ण गोंधळलेली’ एवढंच लिहून ठेवलं असतं तर आज आपल्या हाती काय लागलं असतं?

या आजारात बहुधा आधी नामं अडतात. तांब्या आठवत नाही, मग ‘ते आण की, पाणी प्यायचं ते’. व्याकरण बराच काळ शाबूत असतं. पुढे लांब वाक्य कळेनासं होतं, तेच ते प्रश्न येतात, शेवटी बोलणंच थांबतं. काहींत उलटं, आधी भाषा जाते आणि स्मृती नंतर. मार्सेल मेसुलम यांनी १९८२ मध्ये असे सहा रुग्ण मांडले.

आता आपल्या जवळचं बघू. २०१३ मध्ये सुवर्णा अल्लाडी यांच्या गटाने हैदराबादच्या ‘निम्स’मधल्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा द्विभाषिकांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. निरक्षरांतही फरक होताच, म्हणजे सगळं श्रेय शिक्षणाला देता येत नाही. तिसऱ्या भाषेने मात्र जास्तीचा फायदा दिसला नाही. अर्थात हा जुन्या नोंदींचा अभ्यास, त्यावरून ‘भाषा शिका, डिमेन्शिया टाळा’ असं लिहू नका!

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, राजभाषा उर्दू. आज नव्वदीच्या घरात असलेल्या काही आजोबांनी आधी उर्दू गिरवलीय. देगलूरकडे घरात तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी, बाजारात दखनी. अशा माणसाला तुम्ही पुस्तकी मराठीत चित्रं दाखवून नावं विचारली आणि ती आली नाहीत, तर नेमकं काय गेलं? शब्द गेला, की तो त्या भाषेत कधी नव्हताच? म्हणून चाचणीआधी घरच्यांना विचारा : लहानपणी घरात काय बोलायचे, हिशोब कोणत्या भाषेत करतात, रागावतात कोणत्या भाषेत? दुसऱ्या भाषेत आलेलं बरोबर उत्तरही लिहून घ्या, आणि ते त्यांच्याच शब्दांत.