पेडण्याचा माणूस आणि त्याचे दोन संघ

आमच्या पेडण्यात माझ्या वयाच्या माणसाला ‘रणजीत तुमचा संघ कोणता?’ असे विचारा. तो दोन नावे सांगेल. आधी मुंबई, मग गोवा. नातवंडांना हे पटत नाही. दोघांचा पाठीराखा तो कोणाचाच नाही, असा त्यांचा हिशेब. पणजीतल्या मित्रांचा आक्षेप वेगळा आहे. त्यांना या ‘मुंबई’ला अजून जनमत कौलाचा वास येतो. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि त्याहून जास्त काळ क्रिकेट ऐकले. त्यामुळे या दुहेरी ओढीकडे मी जरा मास्तरकीच्या नजरेने पाहतो. तिची मुळे क्रिकेटच्याही आधीची आहेत.

तिसवाडी, बार्देस, सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या हातात गेले. आमचा भाग मात्र सावंतवाडीकर भोसल्यांचा. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे आले, म्हणून आम्ही ‘नव्या काबिजादी’तले. सरकार बदलले तरी सोयरिकी बदलल्या नाहीत. आजीचे माहेर तेरेखोलच्या पलीकडे, आत्या बांद्याला, कुलदेवाच्या जत्रेला दोन्हीकडची माणसे. मुले देवळाच्या मंडपात पंतोजींकडे मराठी शिकत, आणि मिसरूड फुटली की पोटासाठी मुंबई गाठत. गिरगावात एकेका खोलीत पाच-पाच, दहा-दहा पेडणेकर आणि डिचोलीकर राहत. माझा थोरला काका त्यातलाच, गिरणीत लागलेला.

आता खेळाचे पाहा. गोव्यात फुटबॉल आणला तो विल्यम लायन्स नावाच्या ब्रिटिश पाद्र्याने, १८८३ मध्ये, शिवोलीला. शिवोली म्हणजे आमच्या चोपड्याच्या समोरचा काठ. मध्ये फक्त शापोरा नदी. तिकडे चर्चच्या शाळा होत्या, चर्चसमोर मैदान होते, तिथे फुटबॉल रुजला आणि दक्षिणेपर्यंत पसरला. आमच्याकडे चतुर्थीला आणि शिमग्याला मुंबईहून माणसे येत. येताना ती आपापल्या ट्रंकेत तिकडचे वेड घेऊन येत. भात कापून मळा मोकळा झाला की त्यात माडाच्या झावळीच्या देठाची बॅट आणि चिंध्यांचा चेंडू. त्या काळी पेडण्यात पोरांनी ऐकलेली मोठी नावे सगळी मुंबईची होती. गोव्याचा म्हणून एखादा रणजी संघ असू शकतो, ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती. इथे राज्य पोर्तुगालचे होते, आणि पोर्तुगालला क्रिकेटशी देणेघेणे नव्हते.

१९५५ च्या पंधरा ऑगस्टला सत्याग्रही आमच्याच तालुक्यातल्या पत्रादेवीच्या नाक्यावरून आत शिरले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर नाकेबंदी कडक झाली. काकाचे येणे थांबले, मनिऑर्डरी थांबल्या. बाबा सांगत की त्या वर्षांत मुंबईची खबर कळायची ती रेडिओवरून, तीही आवाज बारीक करून. मुंबईने सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला, त्यातले पहिले वर्ष १९५८-५९. म्हणजे आमच्या घरी मुंबईची विजयमाला सुरू झाली तेव्हा मुंबई हे परदेशातले शहर होते. पाठीराखा होण्यासाठी हद्द लागत नाही हे मी पुढे पुस्तकांत वाचले. बाबांनी ते आधीच करून दाखवले होते.

त्याच सुमारास, १९५७ मध्ये, मडगावचा एक मुलगा मुंबईत शिकायला गेला. दिलीप सरदेसाई. गोव्यात जन्मून भारतासाठी कसोटी खेळलेला खेळाडू म्हणून आजही त्यांचेच नाव घ्यावे लागते. गोव्याकडून खेळण्याचा प्रश्नच नव्हता, तसा संघच नव्हता. ते मुंबईकडून खेळले आणि ते असताना मुंबई रणजीत एकदाही हरली नाही. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी ६४२ धावा केल्या, किंग्स्टनला २१२. त्याच मालिकेत सुनील गावसकरांच्या ७७४. त्यांचे मूळ घराणे वेंगुर्ल्याचे. एक मडगावचा, एक वेंगुर्ल्याच्या मुळाचा, आणि दोघेही मुंबईचे. मी तेव्हा मॅट्रिकच्या उंबरठ्यावर होतो. काका लिफाफ्यातून ‘महाराष्ट्र टाइम्स’ची कात्रणे पाठवायचा, ती मी भूगोलाच्या वहीत चिकटवली होती. त्या वहीत गोवा कुठला आणि मुंबई कुठली हे वेगळे काढता येत नाही.

मुक्तीनंतर मात्र वेगळे काढायची वेळ आली. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे तर फूल, केंद्रशासित राहायचे तर दोन पाने. विलीनीकरणवाल्यांचे पुढारी भाऊसाहेब बांदोडकर, जन्माने पेडण्याचेच, समोर डॉ. जॅक सिक्वेरा. मराठीतच दोन वर्तमानपत्रे भांडत होती. ‘गोमंतक’ फुलाच्या बाजूने, ‘राष्ट्रमत’ पानांच्या. आमच्या घरी ‘गोमंतक’ येई, आणि बाबा बाजारात जाऊन ‘राष्ट्रमत’ फुकट वाचून येत. पेडणे आणि डिचोली फुलाकडे झुकले. निकाल लागला तेव्हा पानांना १,७२,१९१ मते होती, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला.

मी लहान होतो, पण त्या आठवड्यातली आमची ओसरी आठवते. डिचोलीचा मामा आला होता. तो खाणीवर कारकून, पानांचा माणूस. त्याने मला मुद्दाम विचारले, “तू कोणाचो रे? मुंबयचो काय गोंयचो?” मी म्हटले, “बॅटिंग करताना मुंबईचा.” ओसरीवर हशा झाला आणि बाबा-मामांचे भांडण तेवढ्यापुरते थांबले.

मामाच्या गावाचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण डिचोलीत निष्ठा नदीने नव्हे, खाणीने ठरत असे. डिचोलीचा एक फुटबॉल संघ होता. साठच्या दशकात डेंपो उद्योगसमूहाने तो हाती घेतला आणि पुढे तो डेंपो स्पोर्ट्स क्लब म्हणून देशभर गाजला. समोर वास्कोचा साळगावकर क्लब, १९५६ सालचा. दोन्ही घराणी लोहखनिजातली. साळगावकरने १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ फेडरेशन कप आणला. डेंपोने २००५ ते २०१२ या काळात राष्ट्रीय पातळीवरची लीग पाच वेळा जिंकली. ज्याचा ट्रक एका कंपनीच्या खाणीवर चाले त्याने दुसऱ्या कंपनीच्या गोलावर टाळी वाजवायची की नाही, हा डिचोलीच्या हॉटेलांतला खराखुरा वाद होता. मामा टाळी वाजवायचा. “पगार डाव्या हातान घेतां, टाळयेक दोनूय हात लागतात,” हे त्याचे उत्तर. गंमत म्हणजे २०१४ मध्ये एफसी गोवा उभा राहिला तेव्हा त्याच्या मालकांत डेंपो आणि साळगावकर दोन्ही घराणी शेजारी बसली. २०१६ मध्ये दोघांच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. मालकांनी वैर मिटवले, तोवर मामाच्या पिढीचे निम्मे आयुष्य त्या वैरात गेले होते.

क्रिकेटमध्ये आमची कसोटी लागली ती १९८५ मध्ये. त्या हंगामापासून गोवा रणजीत उतरला; घटक राज्य व्हायला अजून दोन वर्षे होती, ३० मे १९८७ पर्यंत. आता पेडण्याच्या माणसाने काय करावे? नियामक मंडळाने आमची सोय केली. गोव्याला त्यांनी दक्षिण विभागात टाकले: कर्नाटक, तमिळनाडू, हैदराबाद, आंध्र, केरळ. मुंबई पश्चिम विभागात. साखळी सामन्यांत दोघांची गाठच नाही. ज्या महाराष्ट्रात जायचे की नाही यावर आम्ही घरे फोडली, त्याच्याशी क्रिकेटने आमचा संबंधच ठेवला नाही. उलट ज्यांची भाषा आम्हांला येत नव्हती त्यांच्या पंगतीत बसवले. पण त्यामुळे एक झाले. दोन्ही संघ मनात निवांत नांदले. सकाळी आकाशवाणीवर मुंबईचा धावफलक, दुपारी एसटीत कोणाच्या तरी वर्तमानपत्रात गोव्याचा.

गोव्याचा धावफलक वाचायला मात्र छाती लागे. जानेवारी १९८९ मध्ये पणजीला तमिळनाडूने आमच्याविरुद्ध ६ बाद ९१२ वर डाव घोषित केला. डब्ल्यू. व्ही. रामन ३१३, अर्जन कृपाल सिंग नाबाद ३०२. एकाच डावात दोन त्रिशतके. शाळेत दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कोणी बोलेना. शेवटी गणिताच्या मास्तरांनी विचारले, “त्यातले अवांतर किती?”

मग मुंबईचाही दिवस आला. मे १९९१, वानखेडे, अंतिम सामना, समोर कपिल देवचा हरयाणा. जिंकायला ३५५ हव्या होत्या. सचिन तेंडुलकर ९६ वर गेला, दिलीप वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले, शेवटचा गडी अॅबी कुरुविला धावबाद झाला आणि मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकर मैदानात रडले. काका तेव्हा गिरणी सुटून पेडण्यात कायमचा राहायला आला होता. त्याने रेडिओ बंद केला आणि म्हणाला, “नऊशे बारा परवडले.” मी त्या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. गोव्याचा पराभव आम्हांला लाज वाटायला लावी, मुंबईचा पराभव दुःख देई. लाज घरच्या माणसाची वाटते. दुःख मात्र घरचे आणि बाहेरचे असा भेद करत नाही. म्हणून मला कोणी ‘तुझा खरा संघ कोणता’ असे विचारले की मी त्याला या दोन सामन्यांकडे पाठवतो.

गेल्या काही वर्षांत वाट उलटी वाहू लागली. २०२२ च्या हंगामात अर्जुन तेंडुलकर मुंबई सोडून गोव्याकडे आला आणि डिसेंबरमध्ये पर्वरीला राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणातच १२० धावा केल्या. बापाने १९८८ मध्ये मुंबईकडून पदार्पणात शतक ठोकले होते, त्याचे सगळ्यांना कौतुक. पण त्याच डावात आमच्या सुयश प्रभुदेसाईने २१२ धावा केल्या. किंग्स्टनला सरदेसाईंच्या होत्या तेवढ्याच. हे मला वर्तमानपत्रात कुठे दिसले नाही. वहीत कात्रणे असली की असले मेळ लागतात. यशस्वी जयस्वालनेही एप्रिल २०२५ मध्ये मुंबईकडे गोव्यासाठी परवानगी मागितली आणि मे महिन्यात ती मागे घेतली. एके काळी मुंबईला जाण्यावाचून गोव्याच्या मुलाला मार्ग नव्हता. आता मुंबईचा मुलगा गोव्याचा विचार तरी करतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ९१२ ची परतफेडही झाली, भलत्याच माणसांवर. पर्वरीला अरुणाचल प्रदेशाला ८४ धावांत गुंडाळून स्नेहल कवठणकरने नाबाद ३१४ आणि कश्यप बखलेने नाबाद ३०० केल्या. ६०६ धावांची अभंग भागीदारी, रणजीच्या इतिहासातली सर्वांत मोठी. गोवा २ बाद ७२७. नातू नाचला. मला त्या अरुणाचलच्या गावांतल्या शिक्षकांच्या खोल्या दिसू लागल्या, आणि मी त्याला १९८९ चा धावफलक दाखवला. प्लेट या खालच्या गटातला विजय कितीचा असतो हे आम्हांला दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे.

त्याच महिन्यात मुश्ताक अली स्पर्धेत, हैदराबादला, मुंबई आणि गोवा समोरासमोर आले. श्रेयस अय्यरने नाबाद १३० फटकावल्या, मुंबईने २५० केल्या. गोव्याने सोडून न देता २२४ पर्यंत मजल मारली. नातवाने मामाचाच प्रश्न विचारला. आता विभागांची आडकाठी नव्हती, उत्तर द्यावे लागणार होते.

माझे उत्तर असे आहे. जनमत कौलात शिक्का एकच मारायचा होता, कारण त्यावरून सरकार ठरणार होते. ते योग्यच झाले. गोवा गोवा राहिला हे आज फुलाकडे झुकलेल्या घरातला मीही मान्य करतो. पण खेळाच्या आवडीवरून सरकार ठरत नाही, म्हणून तिथे एकच शिक्का मारण्याची सक्ती नको. सावंतवाडीने आम्हांला सोयरिकी दिल्या, मुंबईने पोट भरले, गोव्याने पत्ता दिला. तिघांपैकी कोणी पावती मागितलेली नाही. समोरासमोर आले तर मी गोव्याचा, कारण मुंबईला माझी गरज नाही. उरलेल्या सगळ्या सामन्यांत मी मुंबईचा. पेडण्यात याला कोणी फितुरी म्हणत नाही, आणि पणजीकरांनीही आता म्हणू नये.