मानमोडी आणि कोरोना

10 जून 1918 रोजी मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापाने फणफणून इस्पितळात दाखल झाले. पुढच्या काही आठवड्यांत शहर अंथरुणाला खिळलं. मग साथ ओसरल्यासारखी वाटली, पण सप्टेंबरात ती परतली आणि धट्टीकट्टी, कमावती माणसं पटापट जाऊ लागली. फ्लूच्या या साथीला खेड्यापाड्यांत मानमोडी म्हणत. बंदरातला ताप देशभर नेला तो आगगाडीने. मुंबईहून घाटावर जाणारी गाडी कल्याणला यायची आणि तिथून एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे निघायचा. हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसं दगावली, असे अंदाज आहेत. 1921च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली दिसली. तसं त्यानंतर कधीच घडलं नाही.

मार्च 2020मध्ये, कोरोनाच्या वेळी, उलट झालं. साथ वाढण्याआधीच लोकल थांबली. जूनच्या मध्यावर ती सुरू झाली तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. डोंबिवलीच्या फलाटांवर भर सकाळी शुकशुकाट होता. त्या दिवसांत घरोघरी एक वाद चाले: हा फ्लूच आहे, एवढा बाऊ कशाला?

वाद अगदीच निराधार नव्हता. ताप, खोकला, अंगदुखी, घसा दोन्हींत सारखा. दोन्ही आजार श्वासातून पसरतात, दोन्ही छातीत उतरले की न्यूमोनिया होतो, आणि मधुमेही व वृद्धांना दोन्हींचा धोका जास्त. पण कुळं मात्र निराळी.

1918मध्ये डॉक्टर या तापाचं खापर एका जिवाणूवर फोडत होते. माणसातला फ्लूचा विषाणू सापडला तो 1933मध्ये, लंडनला. त्याची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन जातींचे फ्लू विषाणू शिरले की तुकड्यांची अदलाबदल होते आणि कुणाच्याच शरीराला ओळखीचा नसलेला नवा विषाणू तयार होतो. 2009चा स्वाइन फ्लू असाच घडला. त्या ऑगस्टमध्ये भारतातला पहिला बळी पुण्यात गेला.

कोरोनाची बांधणी सलग. सुमारे 30,000 अक्षरांचा एकच धागा, आणि नक्कल करताना चुका दुरुस्त करणारी स्वतःची यंत्रणा. 1960च्या दशकात विषाणुतज्ज्ञ जून आल्मेडा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्याभोवतीचं काट्यांचं कडं टिपलं. तेव्हा माहीत असलेले मानवी कोरोना विषाणू पडशापलीकडे फारसं काही करत नसत, म्हणून ते दुर्लक्षितच राहिले. 2003च्या सार्स या कोरोनाजन्य साथीने ती बेफिकिरी संपवली.

रुग्णाच्या अंगावर हा फरक उमटतो. फ्लू एक ते चार दिवसांत येतो, आणि तोही अचानक. सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी उठू शकत नाही. कोविडला सुरुवातीच्या लाटांत दोन ते चौदा दिवस लागत. वास जायचा. धाप लागण्याआधीच रक्तातला प्राणवायू उतरायचा, म्हणून तर घराघरांत बोटाला ऑक्सिमीटर लागला आणि फोनवर पहिला प्रश्न छातीच्या सीटी स्कॅनचा 'स्कोअर किती?' असा असे. 1918ने तरुणांना गाठलं, कोविडने मुख्यतः साठीपुढच्यांना.

मग 4 डिसेंबर 2021 उजाडला. परदेशातून आलेल्या, डोंबिवलीत राहणाऱ्या एका प्रवाशाच्या नमुन्यात कोरोनाचा ओमिक्रॉन हा प्रकार आढळला. राज्यातला तो पहिला. या प्रकाराने दोन कुळांतलं वरवरचं अंतर आणखी मिटवलं: लक्षणं साधारण तीन दिवसांत दिसू लागली, त्रास घशात जास्त, वास जाण्याचं प्रमाण कमी. नुसत्या लक्षणांवरून निदान करणं तेव्हापासून आणखी कठीण झालं आहे.

म्हणून चाचणी. कांडी नाकाच्या तळाला धरून सरळ मागे घशापर्यंत नेतात, फिरवतात आणि गुलाबीसर द्रव असलेल्या कुपीत सोडतात. दोन्ही विषाणू आरएनएचे, त्यामुळे यंत्र एकच चालतं. फक्त ज्याच्या शोधासाठी रसायन घातलं असेल तोच सापडतो. आता एकाच नमुन्यावर फ्लू ए, फ्लू बी आणि कोविड असे तीन निकाल मिळू शकतात. हे कळणं पावसाळ्यात फार मोलाचं, कारण महाराष्ट्रात फ्लू तेव्हाच जोर धरतो. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं. कोविडवर त्याचा उपयोग नाही. लसही एकाची दुसऱ्याला चालत नाही.